प्रत कशी आहे आणि किंमत किती द्यावी?

मागील अंकात प्रथमावृत्त्यांच्या संग्रहाविषयी लेख प्रसिद्ध झाल्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेकांचा रोख दोन गोष्टींकडे आहे : हाती आलेल्या प्रतीची अवस्था कशी जोखावी, आणि तिच्यासाठी किती पैसे मोजणे रास्त ठरेल. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रातिनिधिक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत ‘गीतारहस्या’ची जुनी प्रत सापडली. आतील पानावर १९१५ हे साल आहे. एका विक्रेत्याने ‘पहिली आवृत्ती आहे, मोठी किंमत येईल’ असे सांगितले. दुसऱ्याने ती जवळजवळ रद्दीच्या भावाने मागितली. कोणावर विश्वास ठेवावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तूर्त दोघांवरही नको. टिळकांचा हा ग्रंथ १९१५ साली प्रथम प्रसिद्ध झाला हे खरे, परंतु त्याला मागणीच एवढी होती की त्याच वर्षी तो पुन्हा छापावा लागला. त्यामुळे केवळ साल पाहून निर्णय करता येत नाही. शीर्षकपृष्ठावर आणि त्याच्या मागील बाजूस ‘आवृत्ति पहिली’ किंवा ‘आवृत्ति दुसरी’ असा उल्लेख शोधावा, आणि प्रस्तावना एकच आहे की पुढच्या आवृत्तीची निराळी प्रस्तावना तिला जोडलेली आहे, हेही पाहावे. वर्ष शकात दिले असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो; पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीसाठी मात्र ७९ मिळवावे लागतात, आणि या एका वर्षाच्या फरकाने कितीतरी विक्रेत्यांच्या याद्या चुकलेल्या दिसतात.

शीर्षकपृष्ठ फाटलेले असेल किंवा त्याविषयी शंका असेल, तर पुस्तकाच्या अंगावरच्या इतर खुणा कालनिर्णयाला उपयोगी पडतात. किंमत आण्यांत छापलेली असेल तर पुस्तक सामान्यतः एप्रिल १९५७ पूर्वीचे असते, कारण त्या महिन्यात दशमान नाणी आली; ‘नये पैसे’ असा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळाकडे बोट दाखवतो. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते पान ऑगस्ट १९७२ नंतर छापलेले आहे, मग त्याच्यावर कोणतेही साल असो. शुद्धलेखन हाही मोठा साक्षीदार आहे. ‘केलें’, ‘त्याचें’, ‘घरांत’ अशी व्याकरणिक अनुस्वारांची जुनी पद्धत १९६२ च्या नव्या नियमांनंतर हळूहळू मागे पडली. तेव्हा तीस सालची म्हणून दाखवलेल्या कादंबरीत हे अनुस्वार कोठेच नसतील, तर तिचा मजकूर पुढे नव्याने जुळवलेला आहे असे समजण्यास हरकत नाही.

मराठीत आणखी एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकतात. पुस्तकाचे हक्क नव्या प्रकाशकाकडे गेले की तो आपल्या पहिल्या छपाईवर ‘पहिली आवृत्ती’ असे निःशंकपणे छापतो. ती त्याच्या दृष्टीने पहिली असते, पुस्तकाच्या दृष्टीने चौथी किंवा सातवीही असू शकते. यावर उपाय एकच : शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहावी. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील पुस्तकांची नोंद देतो. मूळ प्रकाशक, साल आणि पृष्ठसंख्या या तीन गोष्टी तिच्याशी जुळल्या तरच ‘पहिली आवृत्ती’ या शब्दांना किंमत द्यावी.

आपली प्रत खरोखर पहिल्या आवृत्तीची निघाली, तरी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ लोकांनी विकत घेतला, देवघराजवळ ठेवला आणि जपला. जे पुस्तक हजारो घरांनी जपले त्याच्या प्रती आजही निघत राहतात. म्हणून तिची किंमत रद्दीहून बरीच अधिक असेल. पहिल्या विक्रेत्याने उभे केलेले स्वप्न मात्र तिच्यातून पुरे होणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे रोमन लिपीतील मराठी ‘क्रिस्तपुराण’ आहे. शीर्षकपृष्ठावरील मजकुरात सतराव्या शतकाचा उल्लेख आहे. ही मूळ प्रत मानावी काय?
– एक वाचिका, मडगाव

उत्तर : नाही. फादर स्टीफन्स यांचे हे काव्य १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले, परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. आपण वर्णन केलेले पुस्तक बहुधा जोसेफ साल्ढाणा यांनी संपादित केलेली १९०७ ची मंगळूर आवृत्ती असावे. इंग्रजी प्रस्तावना, यंत्रावर तयार झालेला गुळगुळीत कागद आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे टाइप पाहिले की खात्री पटेल. हे ऐकून निराश होऊ नये : आधुनिक वाचकांपुढे हे काव्य आणणारी छापील प्रत म्हणून १९०७ च्या आवृत्तीलाही संग्राहकांत चांगले स्थान आहे, विशेषतः बांधणी मूळची असेल आणि शेवटची पाने शाबूत असतील तर.

प्रश्न : विक्रेत्यांच्या याद्यांत ‘उत्तम’, ‘चांगली’, ‘बरी’ असे शेरे असतात. त्यांचा नेमका अर्थ काय? प्रत हातात घेतल्यावर काय काय पाहावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मराठी पुस्तकबाजारात या शेऱ्यांना ठरलेला अर्थ नाही, ही खरी अडचण आहे. इंग्रजी पुस्तकव्यवहारात ‘फाइन’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’ आणि ‘पुअर’ अशी उतरंड गेल्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली आहे. तिच्यात ‘गुड’ ही पायरी नवख्याला फसवते, कारण तिचा व्यवहारातील अर्थ ‘वापरून झिजलेली, परंतु सर्व पाने असलेली प्रत’ एवढाच आहे. आपल्याकडील विक्रेता ‘चांगली’ म्हणतो तेव्हा तो यांपैकी कोणत्या पायरीविषयी बोलत आहे, हे त्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. म्हणून शेरा वाचू नये, दोषांची यादी मागावी. दोष लिहून देणारा विक्रेता थोडा महाग असला तरी शेवटी स्वस्त पडतो, असा माझा अनुभव आहे.

प्रत पाहावी ती दिवसाच्या उजेडात. दुकानातील पिवळ्या दिव्याखाली तपकिरी पान पांढरे भासते आणि पाण्याचा डाग दिसतच नाही. प्रथम पुस्तक मिटलेले असताना कणा पाहावा : त्याची वरची आणि खालची टोके फाटली आहेत का, कणा एका बाजूला कलला आहे का, पुठ्ठा आणि कणा यांमधील सांधा सुटला आहे का. मग पुस्तक उघडून अस्तरकागद, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवलेला कागद, पाहावा. तो नवा, पांढराशुभ्र असेल आणि आतील पाने पिवळी असतील तर बांधणी बदललेली आहे. जुजबंदी म्हणजे फर्म्यांची (एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांची) शिवण शाबूत आहे की मागाहून बाजूने टोचे घालून पुस्तक आवळले आहे, हे मधल्या पानांवर समास किती उरला आहे यावरून कळते; मजकूर कण्यात शिरत असेल तर टोचे घातलेले आहेत. बांधणीकाराने कडा पुन्हा कापल्या असतील तर वरचा समास खालच्या मानाने फारच अरुंद झालेला दिसतो, आणि क्वचित पृष्ठांकही अर्धवट कापला जातो.

यानंतर पाने मोजावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक लोक ते टाळतात, परंतु प्रतीची सर्वांत महागडी उणीव याच ठिकाणी लपलेली असते. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, चित्रे, नकाशे, शेवटच्या जाहिरातींची पाने आणि मराठी पुस्तकांत हमखास सुटे घातलेले शुद्धिपत्र, हे सारे मूळ प्रतीचा भाग असते. चित्रांसाठी वेगळा कागद वापरलेला असे व ती पाने चिकटवलेली असत, त्यामुळे पृष्ठांकावरून ती गेल्याचे कळत नाही. चित्रसूची असल्यास तिच्याशी ताडून पाहावे. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक टाइपात क्रमांक छापलेला असतो. ते क्रमांक सलग आहेत का ते पाहिले म्हणजे निम्मे काम होते.

कागदाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. विसाव्या शतकातील पुष्कळशी मराठी पुस्तके लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेली आहेत. या कागदात राहिलेले आम्ल आणि त्यावर शाई फुटू नये म्हणून वापरलेली तुरटी यांमुळे तो वर्षांगणिक तपकिरी आणि ठिसूळ होत जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती आणि मिळेल त्या कागदावर छपाई चाले. १९४२ ते १९४७ या वर्षांतील पुस्तके त्यामुळे विशेष नाजूक आहेत. पानाचा कोपरा दुमडून तो तुटतो का हे पाहण्याची एक जुनी पद्धत आहे, ती मात्र कृपा करून दुसऱ्याच्या पुस्तकावर किंवा आपल्या पुस्तकावरही करू नये. पान उलटताना होणारा आवाज पुरेसा असतो : ठिसूळ कागद कोरडा, कडकडीत वाजतो.

डागांतही भेद आहे. सर्वत्र विखुरलेले तांबूस ठिपके दिसायला वाईट असले तरी सहसा वाढत नाहीत. ओलीची लाटेसारखी रेघ, एकमेकांना चिकटलेली पाने आणि कुबट वास यांचा अर्थ निराळा. तेथे बुरशी जिवंत असू शकते आणि ती शेजारच्या पुस्तकांवर जाते. कसरीने वरवर खरवडलेला पुठ्ठा क्षम्य आहे. वाळवीने आतून पोखरलेली प्रत कितीही दुर्मिळ असली तरी घरी आणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

या सर्व तपासणीत माझे एक मत आहे, ते सर्वांना मान्य होईलच असे नाही. प्रतीची अवस्था आदर्श प्रतीशी ताडून ठरवू नये. ते पुस्तक साधारणपणे ज्या अवस्थेत शिल्लक राहिले आहे, तिच्याशी ताडून ठरवावी. १९६३ सालची कादंबरी मुखपृष्ठाविना असेल तर तो मोठा दोष आहे. १८६७ पूर्वीच्या, म्हणजे अभ्यासक ज्यांना दोलामुद्रिते म्हणतात त्या काळातील शिळाप्रेसवरचे (दगडावरून छापलेले) पुस्तक मूळ बांधणीशिवाय मिळाले, तर तक्रारीला जागा नाही.

प्रश्न : एकाच पुस्तकाच्या दोन प्रती मला दाखवण्यात आल्या. आतून दोन्ही सारख्याच. एकीवर दीनानाथ दलालांचे चित्र असलेले वेष्टन होते, तर तिची किंमत तिपटीहून अधिक. एका कागदासाठी एवढा फरक योग्य आहे काय?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : होय, बहुतेक वेळा योग्य असतो. वेष्टन, म्हणजे पुठ्ठ्यावर घातलेले सुटे कागदी आवरण, हा पुस्तकाचा सर्वांत आधी फाटणारा आणि सर्वांत आधी फेकला जाणारा भाग आहे. त्यावर आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयांची सवय अशी की नवे पुस्तक आले की वेष्टन आणि मूळ पुठ्ठा काढून ते कापडी किंवा रेक्झिनच्या बांधणीत घालायचे. त्यामुळे पुस्तकाच्या शंभर प्रती उरल्या असतील तर वेष्टनासह उरलेल्या फार थोड्या. शिवाय दलालांसारख्या चित्रकाराच्या (ते १९७१ मध्ये गेले) मुखपृष्ठांना आता स्वतंत्र चाहते आहेत, आणि ज्यांना आतील कादंबरीशी काही कर्तव्य नाही असे लोकही त्या प्रतीसाठी बोली लावतात.

इंग्रजी बाजारात हा फरक तिपटीवर थांबत नाही. ‘द ग्रेट गॅट्सबी’ची १९२५ ची पहिली आवृत्ती वेष्टनाविना काही हजार डॉलरांना मिळते, वेष्टनासह ती लाखाच्या वर गेलेली आहे. त्या वेष्टनाच्या मागील बाजूस ‘जे’ हे अक्षर चुकून लहान लिपीत छापले गेले होते व नंतर दुरुस्त करण्यात आले, एवढ्या बारकाव्यावरही तेथे किंमत ठरते. आपला बाजार तिकडे गेलेला नाही आणि जाऊही नये असे वाटते. तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे : वेष्टन त्याच प्रतीचे आहे का, हे पाहावे. नंतरच्या आवृत्तीचे वेष्टन पहिल्या आवृत्तीवर चढवण्याचा उद्योग चालतो. वेष्टनावरील किंमत आणि आतील किंमत जुळते का, आतल्या दुमडीवरील जाहिरातीत पुढच्या काळातील पुस्तकांची नावे आहेत का, एवढे तपासले तरी पुष्कळदा उलगडा होतो. दुमडीचा कोपरा कापून किंमत काढून टाकलेली असेल तर हा पुरावाच नाहीसा होतो, म्हणून तोही दोष मानावा.

प्रश्न : वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत घ्यावी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रथम ती प्रत वाचनालयातून रीतसर बाद झालेली आहे का, ते पाहावे. ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’ असा शिक्का नसेल तर विक्रेत्याला विचारावे, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ती प्रत घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो. रीतसर बाद झालेल्या प्रतीच्या किमतीत माझ्या मते निम्म्याहून अधिक घट धरावी, कारण शिक्के, खिसे, देवघेवीचे कागद आणि बदललेली बांधणी हे दोष एकत्रच येतात.

याला अपवाद आहेत. पहिल्या हॅरी पॉटर पुस्तकाच्या १९९७ मधील पहिल्या छपाईत पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या ५०० प्रती काढल्या होत्या व त्यांतील सुमारे ३०० ग्रंथालयांकडे गेल्या. साहजिकच तेथे शिक्का असलेल्या प्रतीलाही भरपूर मोल मिळते. मराठीतही काही जुनी पुस्तके अशी आहेत की ती वाचनालयांखेरीज कोणी जपलीच नाहीत. तेथे शिक्क्याकडे काणाडोळा करावा.

प्रश्न : इंटरनेटवर एकाच पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची किंमत कोठे आठशे, कोठे पंधरा हजार दिसते. रास्त किंमत ठरवायची तरी कशी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण पाहिल्या त्या मागितलेल्या किमती आहेत. कोणीही काहीही मागू शकतो, आणि जे पुस्तक पंधरा हजारांना तीन वर्षे संकेतस्थळावर पडून आहे त्याची किंमत पंधरा हजार नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. आपल्याला हवी असते ती प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत. लिलावगृहे आपल्या विक्रीचे निकाल प्रसिद्ध करतात, ते पाहावेत. मात्र त्यांतील आकडा हातोड्याचा (म्हणजे नुसत्या शेवटच्या बोलीचा) आहे की खरेदीदाराचे कमिशन आणि कर धरून आहे हे नीट वाचावे, कारण तेवढ्यानेच पाचवा हिस्सा ते चौथा हिस्सा फरक पडू शकतो. मराठी पुस्तकांचे असे जाहीर निकाल थोडे असतात. तेव्हा आपण स्वतःच वही ठेवावी : पुस्तक, आवृत्ती, दोष, मागितलेली किंमत, आणि कळल्यास प्रत्यक्ष ठरलेली किंमत. वर्षभरात ही वही कोणत्याही संकेतस्थळापेक्षा अधिक उपयोगाची होते.

किमतीमागे तीन गोष्टी असतात : प्रती किती उरल्या, त्या कोणाला हव्या आहेत, आणि समोरची प्रत कशी आहे. वय हे यात नाही. शंभर वर्षांपूर्वीचे शालेय अंकगणित दुर्मिळ असेलही, पण ते मागणारा नसेल तर त्याची किंमत अल्पच राहते. उलट ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या १८८२ सालच्या छोट्या पुस्तकाचे पाहावे. ते पुण्यात ५०० प्रतींत छापले गेले, नंतर विस्मृतीत गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणल्यावर त्याचे महत्त्व सर्वांना कळले. प्रती तेवढ्याच राहिल्या, मागणारे वाढले. अशा पुस्तकाची मूळ प्रत समोर आली तर मागील विक्रीचा आधार शोधत बसण्यात अर्थ नाही; तेथे विकणारा आणि घेणारा या दोघांच्या समजुतीवरच किंमत ठरते.

मागणी एकाहून अधिक भाषांतून येत असेल तर किंमत आणखी वेगळी वागते. अरुण कोलटकरांचे ‘जेजुरी’ १९७६ मध्ये मुंबईच्या क्लिअरिंग हाउसने इंग्रजीत काढले, आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. ते मराठी संग्राहकांना हवे असते, भारतीय इंग्रजी कविता जमवणाऱ्यांना हवे असते आणि परदेशी ग्रंथालयांनाही हवे असते. त्याच कवीचा ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा १९७७ चा मराठी संग्रह वाङ्मयीन दृष्ट्या कमी तोलाचा नाही, परंतु त्याचे ग्राहक मुख्यतः मराठी वाचक आहेत. ही विषमता मला खटकते. किंमत ठरवताना मात्र ती मान्य करावी लागते, आणि मराठी संग्राहकाच्या ती पथ्यावरच पडते.

आता आकड्यांचा प्रश्न. मी स्वतः एक ढोबळ हिशेब वापरतो. वेष्टनासह, पूर्ण आणि स्वच्छ प्रतीची किंमत शंभर धरली, तर वेष्टन नसलेली परंतु मूळ पुठ्ठ्यातील प्रत चाळीसच्या आसपास, पुन्हा बांधलेली पण सर्व पाने असलेली पंचवीस, आणि एखादे पान किंवा चित्र गमावलेली दहा. नाव लिहिलेले असेल तर पाच-दहा वजा, पेनाने रेघोट्या मारल्या असतील तर त्याहून अधिक. हा बाजाराचा नियम नव्हे, घासाघीस करताना भान सुटू नये म्हणून हाताशी ठेवलेला दोर आहे. १८८० पूर्वीच्या पुस्तकांना तो लावू नये. ‘कोसला’ किंवा ‘गोलपिठा’ अशा, १९६३ आणि १९७२ सालच्या, ज्यांच्या प्रती अधूनमधून निघतात त्या पुस्तकांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. तेथे सदोष प्रत घाईने घेण्यात शहाणपण नाही, कारण पुढची प्रत येणार असते. आणि सदोष प्रत पुढे विकायला काढली की तिला गिऱ्हाईक मिळवताना नाकी नऊ येतात.

प्रश्न : लेखकाची सही असल्यास किती जास्त द्यावे?
– एक वाचिका, बडोदे

उत्तर : सही कोणाची आणि कोणासाठी, यावर ते अवलंबून आहे. मोकळ्या हाताने सह्या देणाऱ्या लेखकाची नुसती सही किमतीत थोडीच भर घालते. दुसऱ्या साहित्यिकाला ‘सप्रेम भेट’ म्हणून दिलेली, नाव आणि तारीख असलेली प्रत मात्र निराळीच वस्तू असते. तिच्यात दोन माणसांच्या संबंधाचा पुरावा असतो आणि तिला दुप्पट किंमत देणेही वावगे नाही. ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का असलेली प्रत वृत्तपत्राकडे परीक्षणासाठी गेलेली असते. त्यावर परीक्षकाच्या टिपा असतील तर ती रंजक ठरते, एरवी शिक्का हा शिक्काच.

सहीच्या खरेपणाविषयी एक साधी कसोटी सांगतो. बॉलपेन आपल्याकडच्या बाजारात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीनंतरच आले. त्याआधीची तारीख घातलेली सही बॉलपेनने केलेली असेल तर पुढे बोलण्याची गरज नाही. दौतीची शाई जुन्या कागदात थोडी पसरते आणि पानाच्या मागे उमटते. अलीकडे जुन्या, आधीच ठिसूळ झालेल्या कागदावर सही केली तर शाई अनैसर्गिक रीतीने फुटते, हे भिंगातून चांगले दिसते.

प्रश्न : फाटका कणा आणि सुटी पाने नीट करून, मुखपृष्ठाला प्लॅस्टिक लावून घेतले तर किंमत वाढेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : कमी होईल. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी ही दोन्ही न परतणारी कामे आहेत. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. सुटे पान सुटेच ठेवावे, पुस्तक पॉलिएस्टरच्या पारदर्शक आवरणात घालावे. दुरुस्ती अटळच असेल तर ती गव्हाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरणाऱ्या माणसाकडून करून घ्यावी, आणि विकताना ती सांगावी.

प्रश्न : अमेरिकेत परतताना वडिलांची जुनी मराठी पुस्तके आणि काही हस्तलिखित पोथ्या न्यायच्या आहेत. काही अडचण येईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पोथ्यांच्या बाबतीत नक्की येईल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्य असलेले आणि ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावस्तू ठरतो, व खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. त्या पोथ्या येथील एखाद्या संशोधन संस्थेकडे सोपवणे उत्तम. विसाव्या शतकातील सर्वसाधारण छापील पुस्तकांना सहसा अडथळा होत नाही, पण पुस्तक शंभरीच्या घरात असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असे प्रमाणपत्र आधी घ्यावे. विमानतळावर वाद घालून काही साधत नाही.

प्रश्न : घरातील सुमारे तीनशे जुनी पुस्तके विकायची आहेत. विक्रेता ‘सरसकट’ किंमत सांगतो आहे. ती स्वीकारावी का?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : यादी केल्याखेरीज नाही. शीर्षक, प्रकाशक, साल, आवृत्ती आणि वेष्टन आहे की नाही, एवढ्या पाच रकान्यांची यादी घरच्या मुलांनाही करता येईल. साधारणतः अशा संग्रहात किंमत धरणारी पुस्तके वीस-पंचवीसच असतात, आणि विक्रेत्याची सरसकट किंमत त्यांच्याच भरवशावर सांगितलेली असते. विक्रेता पुढे ज्या भावाने विकेल त्याच्या तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम त्याने आपल्याला देणे रास्त आहे. जागा, वेळ आणि न विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचे ओझे तो सोसतो, हे विसरून चालत नाही. दोन-तीन पुस्तके फारच मोलाची निघाली तर ती वेगळी काढून लिलावगृहाकडे द्यावीत. नियतकालिकांचे आणि दिवाळी अंकांचे संच मात्र फोडू नयेत. ‘सत्यकथा’सारख्या मासिकाचा सलग वर्षाचा संच सुट्या अंकांच्या बेरजेपेक्षा अधिक देऊन जातो, आणि त्यातला एखादाच अंक काढून नेण्याची परवानगी कोणी मागितली तर तोच अंक का, हे आधी पाहावे.